चिन्नीचा डावा डोळा

आज सकाळपासून गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार शिट्टी वाजवते आहे. म्हणजे आषाढ लागला. आमच्या म्हैसुरात आषाढातला पाऊस नावालाच असतो. कुणीतरी ओला हात झटकावा तेवढा अंगावर येतो आणि संपतो. खरा असतो तो वारा. हुणसूर रस्त्याच्या बाजूनं तो सुटतो आणि आमच्या हूटगळ्ळीतल्या एका अर्धवट घरातली वाळू, सिमेंट आणि रंगाचे पापुद्रे उचलून दुसऱ्या अर्धवट घरात नेऊन टाकतो. या महिन्यात इथले लोक लग्नं करत नाहीत, घर बदलत नाहीत, नव्या सुनेला माहेरी पाठवतात आणि शुक्रवारी पहाटे उठून चामुंडीचा डोंगर चढतात. एवढं सगळं सांभाळतात, पण तोंडावर रुमाल काही बांधत नाहीत. दिवसभर डोळे चोळत हिंडतात आणि संध्याकाळी दारात उभं राहून एकमेकांना विचारतात, डोळे का हो लाल?

फाटकाशी चिन्नी बसली आहे. आमची कुत्री. आता म्हातारी झाली. हनुवटी पांढरी, मागचे पाय ताठलेले. वारा आला की ती मान थोडी डावीकडं वळवते आणि उजवा डोळा रस्त्याकडं ठेवते. डाव्या डोळ्यावर पांढरी साय धरलेली आहे. ती तशी बसली की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, कुत्री रुबाबात बसली आहे. रुबाब कसला! उरलेल्या एका डोळ्यात जितका रस्ता मावेल तितका सामावून घेते, एवढंच.

आणि आत, पुढच्या खोलीत, खाटेवर तुळसाआत्या बसली आहे. माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरात. मला तिनंच वाढवलं. तिच्या मांडीवर पितळेची एक चपटी डबी आहे. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मोतीबिंदू पिकले आहेत, आता उशीर केला तर दृष्टी राहणार नाही. आत्यानं ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली,

"आनंदा, ऑपरेशन-गिपरेशन काही बेडा, नको मला. माझं अंजन आहे की."

"आत्या, अंजनानं मोतीबिंदू जात नाही."

"का जात नाही? चिन्नीचा उजवा डोळा कुणी वाचवला? अंजनानं. तूच सांगितलास नव्हं मला? तुझ्या तोंडानं सांगितलास."

होय. मीच सांगितलं होतं, याच तोंडानं. आणि खोटं सांगितलं होतं. ते खोटं इतकी वर्षं घरात आरामात जगलं, आणि आता ते आत्याच्या दोन्ही डोळ्यांवर उठलं आहे. ती रोज सकाळी देवघरात बसून डबी उघडते, आपल्याच डोळ्यांत बोट घालते आणि मला सांगते की कालच्यापेक्षा आज स्वल्प बरं दिसतं. समोरच्या कॅलेंडरवरचा गणपती तिला दिसत नाही. पण बरं दिसतं.

आमच्या घराण्याविषयी सांगितल्याशिवाय हे अंजन कळायचं नाही. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो. आम्ही इथले जुने मराठे. म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात आमचे पूर्वज होते, असं आमच्यातला प्रत्येक जण, न विचारता, पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. बँकेत कारकून असलेला सांगतो, विमा विकणारा सांगतो, मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात फायली हलवल्या, मीही सांगत आलो. पणजोबा घोड्यावर बसत की घोड्यापुढं चारा टाकत, हे आता कुणालाच ठाऊक नाही. चारा टाकत असते तर मला जास्त आवडलं असतं; त्यांना निदान जनावर कळत असणार. आमच्यातल्या कुणी घोडा जवळून पाहिला असेल तर तो दसऱ्याच्या मिरवणुकीत, तोही दोन माणसांच्या खांद्यांमधून. घरात मराठी बोलतो म्हणायचं तर निम्मी कानडी. आमच्या पोरांना तर निम्मीही येत नाही. पण भिंतीवर तलवार आहे. म्यान कधीच गेलं, मूठ सैल झाली, पात्यावर गंजाचे नकाशे उमटले आहेत. दरवर्षी आयुधपूजेला तिला हळद-कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो आणि शेजारी माझी स्कूटर, माझ्या बायकोचा, मंजुळाचा मिक्सर आणि मुलीचा, दीपाचा शाळेतला कंपास मांडतो. या सगळ्यात काही काम न करणारी वस्तू एकच, आणि मान तिचा पहिला.

त्याच दिवशी घरात अंजन तयार होतं. एरंडेलाच्या दिव्याची काजळी, तुरटी, कापूर आणि आणखी एक जिन्नस, जो आत्या कुणाला सांगत नाही. वासावरून मला ती मिरी वाटते. हे म्हणे आमच्या पणजोबांचं घोड्यांच्या डोळ्यांचं औषध. लावायची रीत अशी: आधी बोट तलवारीच्या पात्यावरून ओढायचं, मग अंजनात बुडवायचं, मग डोळ्यात. पात्याला बोट लावल्याशिवाय गुण येत नाही. लहानपणी माझ्याही डोळ्यांत हे गेलं आहे. आग व्हायची, मी ओरडायचो, आणि घर समाधानानं म्हणायचं, "उतरतंय, उतरतंय." घाण निघते आहे म्हणून डोळ्याला पाणी येतं, असं आम्हाला सांगत. मिरी घातल्यावर कुणाच्याही डोळ्याला पाणी येतं, हे त्या घरात कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. मीसुद्धा.

चिन्नी आली त्या आषाढात आमच्या घराच्या वरच्या मजल्याचं बांधकाम चालू होतं. खाली आम्ही राहत होतो, वर गवंडी. जिन्यावर वाळू, स्वयंपाकघरात वाळू, आमटीत वाळू. दीपा तेव्हा शाळेत होती. आता ती बेंगळूरला नोकरीला आहे. शाळेतून येताना तिनं पिशवीत घालून हे पिल्लू आणलं. काळंभोर, मूठभर, पोट मात्र टरबुजासारखं. आईचं दूध नुकतंच सुटलेलं. दीपानं नाव ठेवलं चिन्नी. मंजुळा म्हणाली, "ठेवायची असेल तर बाहेर. माझ्या जुन्या साड्या कुत्र्याला मिळणार नाहीत." आत्या म्हणाली, "अय्यो, राहू दे की. आपल्यात जनावराला कधी नको म्हटलेलं नाही." पुन्हा घोडे.

मग मी पुढं सरसावलो. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. जिन्याखाली लाकडी खोका ठेवला आणि वरून सिमेंटच्या चार-पाच रिकाम्या पिशव्या आणून, त्यांची नीट घडी करून, अंथरूण केलं. वारा आत येऊ नये म्हणून एक पिशवी वरून पडद्यासारखी सोडली. दीपानं माझ्या गळ्यात हात टाकले. "अप्पा, एष्टु चेन्नागिदे!" किती छान आहे म्हणाली. पिल्लू आत गेलं, तोंड घासलं, गोल फिरलं आणि झोपलं. वारा सुटला की ती लोंबती पिशवी फडफडायची आणि आतून करडी धूळ उडायची. मी ती रोज पाहत होतो. मला ती फडफड घरच्या उबेची वाटत होती. इतका मी हुशार.

थोड्याच दिवसांत चिन्नीचे डोळे चिकटायला लागले. आधी कडेला पिवळी पापडी, मग डावा डोळा अर्धा मिटलेला, मग उजेडात आणलं की पायानं तोंड खरवडणं. आणि मग सुरू झाला कारणांचा आषाढ. त्या दिवसांत आमच्या फाटकापाशी जितकी कारणं जमा झाली तितकी माणसं माझ्या लग्नालाही आली नव्हती.

शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहत. घरातही काळा चष्मा लावून बसत, कारण त्या दिवसांत गावात डोळ्यांची साथ होती. कुंपणावरून वाकून, पण हात मागं बांधून, त्यांनी पिल्लाकडं पाहिलं.

"मद्रास आय, सार. डौटेच इल्ला, शंकाच नाही."

"कुत्र्याला मद्रास आय होतं?"

"का होऊ नये? कुत्र्याला डोळे नाहीत?" मग दोन पावलं मागं सरून म्हणाले, "आमच्या घरात कुणाला झालं तर मात्र मला तुम्हाला जाब विचारावा लागेल."

मंजुळाचं म्हणणं, उष्णता. दीपा तिला चोरून बिस्किटं देते, साखरेची उष्णता डोळ्यांत चढते. दीपाचं म्हणणं, अम्मा तिला बाहेर ठेवते म्हणून वारा लागला. समोरच्या प्लॉटवर घर बांधणारा गृहस्थ म्हणाला, जन्मतःच असणार, रस्त्यावरची जात. आम्ही मात्र मनात म्हणत होतो की त्याच्याच घराची धूळ. आमच्याही डोक्यावर एक मजला चढतो आहे हे विसरून म्हणत होतो. आमच्या गवंड्यानं वरूनच सांगितलं, दृष्ट लागली, काळं पिल्लू आहे, मिरच्या ओवाळा. मंजुळानं ओवाळल्या. जाळल्या. त्या धुरानं घरातल्या सगळ्यांचे डोळे लाल झाले आणि हेडमास्तरांनी खिडकी लावून घेतली.

आज तो सगळा बाजार आठवला की किळस येते. एवढंसं जनावर खोक्यात तोंड खरवडत होतं आणि भोवती उभा असलेला प्रत्येक जण स्वतःला सोडून बाकी सगळ्यांकडं बोट दाखवत होता. कारण शोधायचं म्हणजे आपल्याकडं दोषी शोधायचा. तो सापडला की आजारी जनावराकडं पाहायचीही गरज उरत नाही. कुणी खाली बसून खोक्यात वाकून पाहिलं नाही. मी वाकायचो, पण पिशव्यांची घडी नीट करायला. घाण झाली म्हणून एकदा सगळ्या पिशव्या काढल्या आणि वरून नव्या, आणखी कोऱ्या धुळीच्या, आणून घातल्या.

मग आत्या उठली. "बाजूला व्हा सगळे," म्हणाली. "घोड्याचा डोळा उघडणाऱ्या घरात कुत्र्याच्या डोळ्याची काय कथा!"

तलवार भिंतीवरून काढायला मला सांगितलं. मी स्टुलावर चढून काढली. हे नीट लिहितो, कारण बरेच दिवस मी मनाला समजावत होतो की सगळं आत्यानं केलं. तलवार मी काढली. पिल्लू मी धरलं, एका हातानं मान, एका हातानं पुढचे पाय. आत्यानं गंजलेल्या पात्यावरून बोट ओढलं, तपकिरी झालं, डबीचं झाकण टक्कन उघडलं, बोट बुडवलं आणि आधी डाव्या डोळ्यात, आधी त्यातच, कारण तो जास्त बिघडलेला. चिन्नी जी किंचाळली ती मला लहानपणच्या माझ्या ओरडण्यासारखी वाटली. मला वाटलं आणि मी काय म्हणालो?

"उतरतंय," म्हणालो.

रोज सकाळी तसं झालं. उजव्यात थोडं कमी, डाव्यात भरपूर. हळूहळू असं झालं की झाकणाचा टक्क आवाज ऐकला की ते पिल्लू खोक्यातून निघून पाण्याच्या पिंपामागं शिरायचं. मी ओढून काढायचो. आत्या म्हणायची, "गुण येतोय म्हणून पळते." आणि मी मान डोलवायचो. पाटबंधारे खात्यात साहेबापुढं डोलवून माझी मान तयार झाली होती.

एके दिवशी डाव्या डोळ्यावर निळसर दूध सांडल्यासारखं दिसलं. दीपा शाळेला गेली नाही. खोक्यापाशी बसून राहिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "अप्पा, तुम्ही घेऊन जाणार नसाल तर मी बसमधून नेते." तेव्हा मी ऑफिसात फोन केला, पिल्लू टॉवेलात गुंडाळलं आणि स्कूटरवर दीपाला मागं बसवून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. आत्याला सांगितलं, दीपाची फी भरायला जातो.

तिथली डॉक्टरीणबाई तिशीची, बाह्या वर सारलेली. आधी एका म्हशीच्या मालकाला झापून आली होती, तो राग अजून तोंडावर होता. तिनं चिन्नीला टेबलावर घेतलं, पापणी वर केली, आणि कापसावर आलेलं काळं माझ्यासमोर धरलं.

"यारु हाकिद्दु इदन्न?" हे कुणी घातलं?

मी म्हणालो, "घरचं औषध आहे. आमचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात..."

"पणजोबांना घेऊन या मग," ती म्हणाली. "मी त्यांच्याशी बोलते."

मग तिनं विचारायला सुरुवात केली. डोळे उघडले तेव्हा कुणी बोटानं ओढून उघडले का? नाकातून पाणी येतं का? ताप? खाते का? शौचाला जंत? गवतात खेळते का, कुसळ गेलं असेल? मांजरानं ओरबाडलं? पापण्या उलटून केस आत टोचत नाहीत ना, हे तिनं स्वतःच भिंग लावून पाहिलं. डोळा ओला आहे की कोरडा, हेही कागदाची पट्टी लावून पाहिलं. एकेक कारण हातात घेतलं आणि ठेवून दिलं. मला आठवतं, मी मनात त्या प्रत्येक प्रश्नाची आशा धरत होतो. कुसळ असू दे. मांजर असू दे. आईकडून आलेलं असू दे, त्या रस्त्यावरच्या आईकडून.

शेवटी तिनं विचारलं, "ही झोपते कुठं?"

एवढ्या माणसांत, इतक्या दिवसांत, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दीपा अभिमानानं म्हणाली, "अप्पांनी मऊ अंथरूण केलंय. सिमेंटच्या पिशव्यांचं."

डॉक्टरीणबाईनं कापूस टाकला, हात धुतले, पुसले. मग दीपाकडं न बघता, माझ्याकडं बघून म्हणाली, "सिमेंट ओलं झालं की पोळतं. डोळ्यातल्या पाण्यानंही ओलं होतं. आधी ते भाजलं. त्या जखमेवर तुम्ही काजळी, तुरटी आणि काय काय घातलं. डावा गेला. उजवा वाचेल, पण आजपासून त्यात माझ्या थेंबांशिवाय काही गेलं तर तोही जाईल. समजलं?"

समजलं. दीपालाही समजलं. परत येताना ती मागं बसली होती, पण तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. वारा समोरून होता. हिनकलपाशी माझ्या डोळ्यांत धूळ गेली आणि मी ती जाऊ दिली, जणू त्यानं काही फिटणार होतं. असल्या फुकटच्या प्रायश्चित्तात मी पहिल्यापासून तरबेज.

घरी आलो. पिशव्या जाळल्या. आत्या पायरीवर बसली होती. आम्ही दवाखान्यात गेलो होतो हे तिला कळलं होतं. हेडमास्तरांनी आम्हाला टॉवेलातल्या पिल्लासकट जाताना पाहिलं होतं. ती उठली नाही. त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही पानावर बसून भात चिवडला आणि म्हणाली, "माझ्या हातानं बिघडलं का रे? सांग. सुम्ने, गप्प बसू नको. सांग."

सांगायला हवं होतं. दोन वाक्यं होती. पहिलं, आधी मी भाजलं. दुसरं, मग आपण दोघांनी बिघडवलं. पहिलं वाक्य बोलायची मला लाज वाटत होती आणि पहिल्याशिवाय दुसरं बोलणं अन्याय झाला असता. म्हणून मी तिसरंच बोललो. "नाही ग आत्या. डावा आधीच गेलेला होता. उजवा तुझ्या अंजनानं वाचला. डॉक्टरही तसंच म्हणाली."

आत्याचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं पुन्हा कौतुक वाटलं. मंजुळा दारात उभी होती. तिला मी खरं सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "असू दे. म्हातारं माणूस." आणि भात वाढला. दीपा उठून गेली.

पुढचे कितीतरी दिवस मी गच्चीवर टाकीमागं लपून चिन्नीच्या डोळ्यात थेंब घालत होतो, स्वतःच्या घरात चोरासारखा. खाली आत्या सांगत होती, अंजनाचं काम झालं, आता आपोआप सुधारेल. उजवा डोळा खरंच सुधारला. स्वच्छ, तपकिरी, ओला. आत्यानं तो चारचौघांना दाखवला. त्या वर्षीच्या आयुधपूजेला तिनं जास्त काजळी धरली. कुवेंपुनगरातल्या चुलत घराण्यातून मागणी आली, आणखी कुठून कुठून आली. लहान मुलं होती त्या घरांत. तेव्हा मी आणखी एक पराक्रम केला. डब्या पोचवायचं काम अंगावर घेतलं, वाटेत स्कूटर थांबवून त्या गटारात रिकाम्या केल्या आणि बाजारातलं काजळ भरून पोचवलं. दरवर्षी. घोडदळाच्या वारसाची ही घोडदौड! लोक आत्याला फोन करून सांगत, गुण आला. आत्या म्हणे, येणारच. आणि मी, जो एक वाक्य बोलू शकलो नाही, तो वर्षानुवर्षं पेट्रोल जाळत हिंडलो.

दीपा या सगळ्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. परवा मात्र तिचा फोन आला. आत्याच्या डोळ्यांचं मंजुळानं तिला सांगितलं होतं. "अप्पा," ती म्हणाली, "तिचीही स्कूटरवर फी भरायला जाणार आहात का?" आणि फोन ठेवला.

म्हणून आज दुपारी, तार वर शिट्टी वाजवत असताना, मी पुढच्या खोलीत गेलो आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो. तेच स्टूल, तलवार काढायचं. चिन्नी वाऱ्याला कंटाळून आत आली होती आणि आत्याच्या खाटेखाली, पायांशी झोपली होती. तिथंच झोपते ती. आत्याच्या हातून भाकरी खाते, तिच्याबरोबर फाटकापर्यंत जाते. कुत्री माणसाला माफ करतात असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. ती माणसाला आणि डबीला वेगळं ठेवतात, एवढंच.

मी आत्याला सांगितलं. आधी पिशव्यांचं सांगितलं, मग बाकीचं.

ऐकून ती हसली. "खोटं बोलतोस. दवाखान्यात न्यायला म्हणून खोटं बोलतोस. तू पहिल्यापासून असाच. तोंड गोड करून काम काढतोस."

"आत्या, देवाशपथ."

"देव कशाला मध्ये? चिन्नीलाच विचार. इथं आहे नव्हं ती? तिचा डोळा सांगेल."

"बरं," मी म्हणालो. "तुझी डबी उघड."

"आत्ता?"

"आत्ता."

तिनं मांडीवरची डबी चाचपली आणि अंगठ्यानं झाकण उचललं. टक्क.

इतकी वर्षं ही डबी देवघरातच उघडत होती आणि चिन्नीनं देवघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आम्ही कौतुकानं म्हणायचो, सोवळं पाळते. आता खाटेखाली आधी काहीच हललं नाही. मग नखं फरशीवर खरवडली. ताठलेले मागचे पाय ओढत ती बाहेर आली, आमच्या दोघांकडं न बघता भिंतीच्या कडेकडेनं दाराकडं गेली, पायरीवरून एकदा घसरली, आणि अंगणात माझ्या स्कूटरखाली शिरून आमच्याकडं पाठ करून बसली. वारा तिच्या अंगावरचे केस उलटे करत होता.

आत्याला हे दिसलं नसणार. तिनं मान तिरकी करून फक्त ऐकलं.

"कुठं गेली?"

"स्कूटरखाली."

"बाहेर? या गाळीत, वाऱ्यात?"

"हो."

आत्यानं झाकण हळूच लावलं. आवाज होऊ नये म्हणून बोट मध्ये ठेवून लावलं. तळवा डबीवरच ठेवून तिनं विचारलं,

"त्या डॉक्टरीणबाईनं तेव्हाच सांगितलेली?"

"तेव्हाच."

"मंजुळाला ठाऊक?"

"हो."

"पोरीला?"

"तिच्यासमोरच सांगितलं."

"आणि मी जगभर डब्या वाटल्या."

"त्या मी गटारात ओतत होतो, आत्या. बाजारचं काजळ भरत होतो."

तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. नेमकं माझ्याकडं नाही, जरा बाजूला. मी तिथं बसलो असेन असं तिला वाटत होतं. "थू तुझ्या जिनगानीवर," ती म्हणाली. "माझ्यापुढं बोलायला तुला गटार लागली?"

मी या घराला, तलवारीला, शेजाऱ्यांना, स्वतःला मनातल्या मनात इतकी वर्षं तुच्छ लेखत आलो, आणि ते करताना मला कायम थोडं बरंच वाटत आलं. आत्याचं ते एक 'थू' ऐकून बरं वाटलं नाही.

"उद्या फोन कर डोळ्याच्या दवाखान्याला," ती म्हणाली. "आधी कुठला डोळा करतात विचार. आणि तिला आत घे."

मी उठलो. तिनं डबी पुढं केली, मी घेतली.

"हे टाकून ये. गटारात नको," ती म्हणाली. "तिथं कुत्री पाणी पितात."